विंडोजची आधीची आवृत्ती

माझ्या ओळखीच्या एका छापखान्यात रोज सकाळी दहाच्या सुमाराला एकच दृश्य दिसतं. कंपोज करणाऱ्या ताई संगणकाचं बटण दाबतात आणि देवाच्या फोटोपुढे उदबत्ती लावायला वळतात. तोवर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी आलेल्या असतात आणि खाली तीसपासून उलटे आकडे पडत असतात. ताई पडद्याकडे न बघता वरचा बाण एकदा दाबतात, मग एंटर. वरच्या ओळीत इंग्रजीत लिहिलेलं असतं 'अर्लिअर व्हर्जन ऑफ विंडोज', म्हणजे विंडोजची आधीची आवृत्ती. खालची ओळ मात्र नावानिशी आहे: विंडोज ७.

ती बिननावाची आवृत्ती म्हणजे एक्सपी. छापखान्याची वीस-बावीस वर्षांची कमाई तिच्यात आहे: लग्नपत्रिका, सहकारी पतपेढ्यांचे अहवाल, दोन-तीन दिवाळी अंकांच्या फायली, गावातल्या लेखकांची पदरमोड करून छापलेली पुस्तकं. सगळं पेजमेकरमध्ये, आणि सगळं युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये. अशी फाईल नव्या विंडोजवर उघडून मजकूर उचलला आणि वर्डमध्ये टाकला, की मराठीच्या जागी रोमन अक्षरं, टोप्या, कंस आणि डॉलरची चिन्हं उमटतात. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची तर पुन्हा पहिल्यापासून कंपोज, पुन्हा प्रूफं. त्यापेक्षा वरचा बाण स्वस्त पडतो.

एका संगणकावर ऑपरेटिंग सिस्टिमच्या दोन आवृत्त्या ठेवण्याचा प्रश्न सहसा हौशी लोकांचा समजला जातो. मला तो वारसाहक्काचा वाटतो. जुन्या आवृत्तीत काहीतरी अडकलेलं असतं, एखादं सॉफ्टवेअर, एखादा स्कॅनर, एखादा फाँट, आणि ते सोडवून आणायला वेळ किंवा पैसा नसतो. या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी एक साधी विषमता आहे. नवीला जुनी माहीत असते, जुनीला नवी माहीत असणं शक्यच नसतं. २००१ साली लिहिलेल्या प्रोग्रॅमला २००९ साली काय येणार आहे हे कुठून कळावं? दोन आवृत्त्या एका डिस्कवर नांदवताना होणारे बरेचसे तंटे तिथून सुरू होतात.

पाचशे बारा बाइटांची खोली

संगणक सुरू झाल्यावर पहिलं काम करतो तो मदरबोर्डवरचा बायोस. जुन्या पद्धतीत बायोसला विंडोज वगैरे काही ठाऊक नसतं. तो डिस्कचा अगदी पहिला सेक्टर वाचतो, ५१२ बाइटांचा. त्यातल्या पहिल्या ४४६ बाइटांत सुरुवातीचा प्रोग्रॅम बसवलेला असतो, पुढच्या ६४ बाइटांत पार्टिशनांचा तक्ता आणि शेवटच्या दोन बाइटांत 'हा सेक्टर खरा' असं सांगणारी खूण. तक्त्यात एका पार्टिशनला १६ बाइट, म्हणून पार्टिशनं चारच. पाचवं हवं तर एक्स्टेंडेडची पळवाट. १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटी या संगणकाबरोबर हार्ड डिस्क आली तेव्हाची ही मांडणी आपण पुढे तीसेक वर्षं वापरली.

खोली एक आणि भाडेकरू दोन. जो शेवटी राहायला येतो तो दाराला आपलं कुलूप लावतो. विंडोजचा सेटअप चालवला की तो त्या पहिल्या सेक्टरात आणि स्वतःच्या पार्टिशनच्या तोंडाशी आपला प्रोग्रॅम लिहून मोकळा होतो. एक्सपीपर्यंतच्या एनटी घराण्यात हे काम एनटीएलडीआर नावाची फाईल करायची आणि कोणकोणती विंडोज कुठे आहे हे तिला बूट.आयएनआय या साध्या मजकुराच्या फायलीतून कळायचं. त्यातल्या ओळीत डिस्कचा क्रमांक शून्यापासून मोजलेला आणि पार्टिशनचा एकपासून. हा दुटप्पीपणा ज्याने कुणी ठरवला त्याला मी रात्री दोन वाजता अनेकदा आठवलं आहे. मधे एखादं पार्टिशन पाडलं की क्रमांक सरकतो, आणि एक्सपी 'हॅल.डीएलएल' सापडत नसल्याची तक्रार करत बसते. फाईल जागच्या जागी असते, पत्ता चुकलेला असतो. एकेकाळी याच तक्रारीवर दुकानदारांनी किती संगणक फॉरमॅट मारून दिले असतील, देव जाणे.

३० जानेवारी २००७ रोजी व्हिस्टा बाजारात आली आणि मायक्रोसॉफ्टने ही व्यवस्थाच बदलली. एनटीएलडीआरच्या जागी बूटमॅनेजर, बूट.आयएनआयच्या जागी बीसीडी नावाचा छोटा डेटाबेस, जो नोटपॅडमध्ये उघडत नाही, बीसीडीएडिट या आज्ञेनेच बदलावा लागतो. नव्या बूटमॅनेजरला जुना एनटीएलडीआर ओळखता येतो. तो मेनूत एक ओळ घालतो आणि ती निवडली की सूत्रं सरळ जुन्याच्या हाती देऊन बाजूला होतो. ताईंच्या पडद्यावरची बिननावाची ओळ ती हीच. तिच्यामागे दोन जुन्या विंडोज असल्या तर बूट.आयएनआयचा दुसरा मेनू उघडतो. उलट दिशेला मात्र भिंत आहे. एनटीएलडीआरला व्हिस्टा किंवा ७ सुरूच करता येत नाही.

म्हणून ड्युअल बूटचा पहिला नियम असा पडला: जुनी आधी टाका, नवी नंतर. मी हा नियम मोडून शिकलो. विंडोज ७ छान चालू होती आणि एका स्कॅनरसाठी एक्सपी हवी झाली. दुसऱ्या पार्टिशनवर एक्सपी टाकली, संगणक पुन्हा सुरू केला, तर विंडोज ७ गायब. मेनू नाही, काही नाही, थेट एक्सपीचं हिरवं माळरान. ज्यांचा संगणक होता ते गृहस्थ शेजारी चहा घेऊन बसले होते. त्यांच्या मुलीचे बारशाचे फोटो सात नंबरच्या विंडोजमध्ये होते. फोटो कुठेही गेलेले नव्हते, पुसलं गेलं होतं ते दारावरचं कुलूप. विंडोज ७ ची डीव्हीडी घालून 'बूटसेक्ट' ही आज्ञा चालवली, मग बीसीडीत एक्सपीची ओळ हाताने भरली, आणि तासाभरात दोन्ही परत आल्या. पण तो तासभर चहाला चव नव्हती.

हा खटाटोप नवा नाही

मूळ गरज मोठ्या यंत्रांवरची. साठच्या दशकात एका मेनफ्रेमवर एक ऑपरेटिंग सिस्टिम चालायची आणि तिची नवी आवृत्ती तपासायची तर रात्री उशिरा चालू काम थांबवून यंत्र रिकामं करून घ्यावं लागायचं. आयबीएमच्या लोकांनी यावर एका यंत्राची अनेक खोटी यंत्रं करण्याचा तोडगा काढला. सीपी-६७ आणि त्यानंतर १९७२ साली जाहीर झालेली व्हीएम/३७० ही त्याची फळं. एका खोट्या यंत्रात जुनी आवृत्ती पगारपत्रकं काढते आहे आणि शेजारच्या खोट्या यंत्रात नवी आवृत्ती तपासली जाते आहे, असा तो संसार. आज आपण व्हर्च्युअल मशीन म्हणतो ते हेच.

छोट्या संगणकांना ही चैन परवडण्यासारखी नव्हती, म्हणून तिथे 'एका वेळी एकच, पण निवड तुमची' हा मार्ग आला. ओएस/२ च्या १९९२ सालच्या २.० या आवृत्तीबरोबर एक बूट मॅनेजर यायचा आणि तो स्वतःसाठी डिस्कवर वेगळं चिमुकलं पार्टिशन घ्यायचा. दोन्ही भाडेकरूंपेक्षा वेगळा, दारावर बसलेला रखवालदार. मला तो विचार आजही सगळ्यांत सरळ वाटतो. विंडोज ९५ ने तर जुन्या डॉसला घरातच ठेवून घेतलं होतं. ९५ वेगळ्या फोल्डरमध्ये टाकली असेल आणि एका फायलीत तशी परवानगी असेल, तर 'स्टार्टिंग विंडोज ९५' ही अक्षरं दिसताच एफ-४ दाबायचं की जुनी डॉस सुरू. डॉसवरची हिशेबाची सॉफ्टवेअर वापरणाऱ्या मुनीमजींना ही किल्ली पाठ असायची.

पुढे २००२ ते २००५ च्या काळात सायबर कॅफेत आणि घरोघरी ९८ आणि एक्सपीची जोडी दिसायची. त्या जोडीचा तंटा फाईल सिस्टिमचा. एक्सपीला एनटीएफएस आवडायची, ९८ ला ती वाचताच यायची नाही. सी ड्राइव्ह फॅट-३२ ठेवला तरच दोघी नांदायच्या. एनटीएफएस केला तर ९८ च्या दृष्टीने तो ड्राइव्ह अस्तित्वातच नाही. जुनीला नवी दिसत नाही, ही गोष्ट इथे शब्दशः खरी होती.

मराठीचा वेगळा गुंता

इंग्रजीत काम करणाऱ्याला जुन्या आवृत्तीची ओढ एखाद्या गेममुळे किंवा प्रिंटरमुळे असते. आपल्याकडे तिचं कारण लिपी आहे. नव्वदच्या दशकात मराठी डीटीपी उभं राहिलं ते श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशा सॉफ्टवेअरवर. श्रीलिपी करणारी मॉड्युलर इन्फोटेक पुण्याची, सी-डॅकही पुण्याची. त्या वेळच्या पेजमेकरला देवनागरी कळत नव्हती, मग या मंडळींनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले. कुठे अर्धा 'श', कुठे वेलांटीचे तीन प्रकार, कुठे रफार आणि अनुस्वार एकत्र. २५६ पेक्षा कमी जागांत अख्खी मराठी बसवायची ही कसरत होती आणि ती त्यांनी विलक्षण देखणी केली. त्या फाँटांतली जोडाक्षरं बघितलीत तर आजचे कितीतरी युनिकोड फाँट केविलवाणे वाटतात. पण प्रत्येकाने तुकडे आपापल्या जागी बसवले, त्यामुळे एकाची फाईल दुसऱ्यात उघडत नाही.

विंडोजला देवनागरी युनिकोड आली ती विंडोज २००० पासून, मंगल फाँटसकट. एक्सपीतही ती होती, पण झाकलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल सेटिंगात जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकोनात खूण करायची, मग ती सीडी मागायची, आय-३८६ हे फोल्डर दाखवायचं, रिस्टार्ट करायचं, आणि तेव्हा कुठे 'क्ष' नीट जुळायचा. व्हिस्टापासून ही कटकट संपली. म्हणजे छापखान्यासाठी जुनी विंडोज छपाईच्या मराठीची झाली आणि नवी ईमेलच्या मराठीची. ताई दिवसातून दोन-तीनदा एकीतून दुसरीत जातात. लेखकाचा मजकूर युनिकोडमध्ये येतो तो विंडोज ७ मध्ये उतरवून घ्यायचा, कन्व्हर्टरमधून जुन्या फाँटात फिरवायचा, सामाईक ड्राइव्हवर ठेवायचा, संगणक पुन्हा सुरू करायचा, वरचा बाण. मग पेजमेकरमध्ये पानं लावून बटर पेपर काढायचा. कन्व्हर्टरच्या फेऱ्यात 'र्‍य' आणि 'र्य' यांची सरमिसळ होते, ती प्रुफांत डोळ्यांनीच धरावी लागते.

ॲडोबीने पेजमेकरची सातवी आणि शेवटची आवृत्ती काढली त्याला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. पुढे तिने इनडिझाइनलाच जवळ केलं. आमच्या छापखान्यांनी पेजमेकरला सोडलं नाही. याला मागासलेपण म्हणणारे लोक भेटतात. त्यांनी कधी अडीचशे पानांच्या फायली दुसऱ्या फाँटात फिरवून पुन्हा प्रूफं वाचलेली नसतात.

एक डिस्क, दोन संसार

मेनू आला की काम झालं असं वाटतं. खरी भांडणं त्यानंतर सुरू होतात, कारण मेनू दोघींना वेगळं करतो, डिस्क मात्र दोघींची एकच राहते.

पहिलं भांडण ड्राइव्हच्या अक्षरांचं. विंडोज ७ च्या डीव्हीडीवरून बूट करून ती टाकली, तर ती स्वतःच्या पार्टिशनला सी म्हणते. त्याच वेळी एक्सपीसाठी सी म्हणजे तिचं पार्टिशन. मजकुराचं सामाईक पार्टिशन एकीत डी, दुसरीत ई. पेजमेकर फायलीत फोटो जोडताना त्याचा पूर्ण पत्ता लिहून ठेवतो. तो पत्ता दुसऱ्या विंडोजमध्ये खोटा ठरतो आणि अहवालातल्या अध्यक्षांचा फोटो कुठे आहे असं सॉफ्टवेअर विचारत राहतं. उपाय सोपा आहे, पण सुचत नाही: सामाईक ड्राइव्हला दोन्हीकडे वर्णमालेतलं लांबचं एकच अक्षर द्या. आम्ही 'एम' दिलं आहे, मजकूर या अर्थाने.

दुसरं भांडण ओळखीचं. दोन्ही विंडोजमध्ये तुम्ही त्याच नावाचं खातं उघडलंत, पासवर्डही तोच ठेवलात, तरी एकीतून दुसरीतलं 'माय डॉक्युमेंट्स' उघडायला गेलं की परवानगी नाकारली जाते. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. खातं उघडताना ती त्याला एक लांबलचक ओळख-क्रमांक देते, आणि दोन विंडोजमध्ये तो वेगवेगळा असतो. स्वतःच्याच घरात स्वतःला परका ठरवणारी ही व्यवस्था सुरक्षिततेच्या दृष्टीने बरोबरच आहे. नवख्या माणसाला मात्र फायली गेल्या असंच वाटतं.

तिसरा प्रकार खोडसाळपणाचा वाटावा असा. विंडोज ७ अधूनमधून रिस्टोअर पॉइंट करून ठेवते, काही बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून. संगणक एकदा एक्सपीत सुरू केला की हे पॉइंट पुसले जातात. एक्सपीला त्यांची नवी रचना कळत नाही, तिला तो कचरा वाटतो आणि ती तो साफ करून टाकते. मायक्रोसॉफ्टने हे व्हिस्टाच्या काळातच मान्य केलं होतं आणि उपाय सांगितला तो असा, की एक्सपीच्या रजिस्ट्रीत नोंद करून त्या ड्राइव्हला तिच्यापुरतं ऑफलाइन ठेवा. थोडक्यात, जुनीच्या डोळ्यांवर पट्टी बांधा.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, एक चौथा प्रकार आला आणि तो सर्वांत घातक. 'फास्ट स्टार्टअप' या सोयीत शट डाउन केलेला संगणक पुरता बंद होत नाही. विंडोजचा गाभा झोपेच्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवला जातो, दुसऱ्या दिवशी तो तसाच उचलला जातो. मधल्या वेळात दुसऱ्या विंडोजने त्याच ड्राइव्हवर फाईल ठेवली तर झोपलेलीला ते ठाऊक नसतं. जागी झाल्यावर ती आपल्या जुन्या आठवणीप्रमाणे लिहायला लागते आणि फाईल नाहीशी होते, किंवा चेकडिस्क सुरू होते. गंमत म्हणजे 'रिस्टार्ट' केलं तर संगणक खराखुरा बंद होऊन चालू होतो, 'शट डाउन' केलं तर होत नाही. दोन आवृत्त्या ठेवायच्या तर ही सोय पहिल्या दिवशी बंद करावी.

घड्याळाचं भांडण आपल्याकडे निम्मंच पोचलं. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे सरकवतात तिथे दोन विंडोज असल्या तर दोघीही मदरबोर्डवरचं घड्याळ एकेकदा सरकवतात आणि वेळ दोन तास हलते. भारतात ती भानगड नाही. पण विंडोजशेजारी लिनक्स ठेवलंत तर घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकतं, कारण विंडोज मदरबोर्डवर स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स जागतिक वेळ. साडेपाच तासांचा फरक दिसला की बिघाड शोधायची गरज नाही.

नव्या यंत्रांत जुनीला जागा नाही

गेल्या दहा-बारा वर्षांत संगणकाची सुरुवात करायची पद्धत पालटली. बायोसच्या जागी यूईएफआय, चार पार्टिशनांच्या तक्त्याच्या जागी १२८ नोंदींचा जीपीटी. पाचशे बारा बाइटांच्या खोलीसाठी मारामारी संपली, कारण आता सुरुवातीच्या प्रोग्रॅमांसाठी फॅट-३२ चं वेगळं पार्टिशनच असतं आणि त्यात प्रत्येक कंपनीचं स्वतंत्र फोल्डर. विंडोज आणि लिनक्स एकमेकांचं कुलूप न तोडता राहू शकतात. (तरी ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-अपडेटने कित्येकांचं लिनक्स सुरू होईनासं केलं होतं. रखवालदार चांगला असला तरी किल्ल्या कुणाकडे आहेत हे बघावं लागतं.) दोन विंडोज मात्र त्या पार्टिशनात एकच फोल्डर आणि एकच बीसीडी वाटून घेतात. १० आणि ११ शेजारी ठेवल्या तर अडचण येत नाही, मेनू निळा आणि सुबक दिसतो. तो निळा मेनू दाखवायलाच आधी एक विंडोज अर्धी चढते आणि तुम्ही दुसरी निवडली तर संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. वेळ वाचवायचा असेल तर बीसीडीएडिटने जुना काळा मेनू परत आणता येतो. मी नेहमी आणतो.

खरी अडचण फार जुनीची. बत्तीस बिटांच्या एक्सपीला जीपीटी डिस्क वाचता येत नाही. विंडोज ७ ला सिक्युअर बूट मानवत नाही, आणि तिच्या डीव्हीडीत यूएसबी ३ चे ड्रायव्हर नसल्यामुळे नव्या मदरबोर्डवर सेटअपचा पहिला पडदा येतो तेव्हा माउस आणि कीबोर्ड दोन्ही मेलेले असतात. 'नेक्स्ट'चं बटण समोर दिसतंय, दाबायला काही नाही. ड्रायव्हर घालून स्वतःची डीव्हीडी बनवणारे लोक आहेत, मीही त्यांतला एक होतो. आता कुणाला तो सल्ला देत नाही.

सल्ला देतो तो व्हर्च्युअल मशीनचा. त्यात नव्या विंडोजच्या खिडकीत जुनी विंडोज अख्खी चालते, तिला वाटतं आपण एका जुन्या संगणकावर आहोत. मायक्रोसॉफ्टने स्वतः विंडोज ७ प्रोफेशनलबरोबर 'एक्सपी मोड' दिला होता, लायसन्ससह. आज व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे आणि नोव्हेंबर २०२४ पासून व्हीएमवेअर वर्कस्टेशनही सगळ्यांना फुकट झालं. एक्सपीला एक जीबी रॅम दिली तर ती खूश असते. रिस्टार्ट नाही, वरचा बाण नाही, आणि स्नॅपशॉट घेऊन ठेवला तर काहीही बिघडलं तरी एका क्लिकवर कालची विंडोज परत. सगळी जुनी विंडोज म्हणजे एक फाईल, ती पोर्टेबल डिस्कवर कॉपी केली की बॅकअप झाला. नुसतं सॉफ्टवेअर जुनं असेल तर ड्युअल बूट करण्यात मला आता अर्थ दिसत नाही. विंडोज ७ पासून एक मधला मार्गही आहे, व्हीएचडी फायलीतून थेट बूट करण्याचा, ज्यात पार्टिशन न पाडता दुसरी विंडोज खऱ्या यंत्रावर चालते. नवी आवृत्ती आठवडाभर वापरून बघायला तो उत्तम.

मॅकवाल्यांचं यात बरं आहे. २०१७ साली आलेल्या एपीएफएसमुळे डिस्कवर नुसतं नवं व्हॉल्यूम जोडायचं आणि त्यात मॅकओएसची दुसरी आवृत्ती टाकायची. जागा आधी वाटून द्यावी लागत नाही, दोघी एकाच कोठारातून लागेल तसं घेतात. २०१९ च्या कॅटलिनाने बत्तीस बिटांची सगळी ॲप बंद केली तेव्हा बरेच जण याच युक्तीने आधीची मोहावी शेजारी ठेवून राहिले. लिनक्समध्ये तर अपडेटनंतर आधीचा कर्नल मेनूत राहतोच. आणि अनेक अँड्रॉइड फोनांत २०१६ सालच्या नूगापासून प्रणालीच्या दोन प्रती बाळगायची सोय आहे: तुम्ही एकीवर काम करता, अपडेट दुसरीवर चढतो, नवी उठली नाही तर फोन गुपचूप जुनीवर परततो. खिशात ड्युअल बूट घेऊन फिरणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो.

लायसन्स आणि दार उघडं राहण्याची भीती

दोन विंडोज म्हणजे दोन लायसन्स. अपग्रेडचं लायसन्स घेतलं असेल तर ज्या आवृत्तीवरून वर आलात ती वापरायचा हक्क त्यातच संपतो, दोन्ही ठेवता येत नाहीत. आपल्याकडे याची चर्चा फारशी होत नाही, ती का होत नाही हेही सर्वांना माहीत आहे.

सुरक्षिततेची चर्चा तरी व्हावी. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. जुन्या विंडोजमध्ये व्हायरस शिरला तर तो फक्त जुनीत राहत नाही. तिला दिसणाऱ्या प्रत्येक ड्राइव्हवर तो हात मारू शकतो, नवीच्या ड्राइव्हवरही, आणि त्या वेळी नवीतला अँटीव्हायरस झोपलेला असतो. म्हणून छापखान्यात एक्सपीला नेटवर्क कार्डच दिसत नाही, मी ते डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करून ठेवलं आहे. पेनड्राइव्ह आधी विंडोज ७ मध्ये लावायचा, तपासायचा, मगच सामाईक ड्राइव्हवर. ७ ला तरी आता कोण वाली आहे, हा प्रश्न खरा आहे. मालकांपुढे तो मी दरवर्षी मांडतो.

गेल्या वर्षभरात मला सर्वांत जास्त वेळा विचारलं गेलं ते १० आणि ११ एकत्र ठेवण्याबद्दल. माझं उत्तर सहसा नाही असं असतं. १० वर चालणारं जवळजवळ सगळं ११ वर चालतं, मग दोन घरं सांभाळायची कशाला? अपवाद एकच. ११ ही फक्त चौसष्ट बिटांची आहे, तिच्यावर सोळा बिटांचे प्रोग्रॅम चालत नाहीत आणि बत्तीस बिटांचे ड्रायव्हर बसत नाहीत. बत्तीस बिटांच्या विंडोज १० वर एखादं जुनं यंत्र जोडून ज्यांचा धंदा चालतो, त्यांचा प्रश्न खरा आहे.

पंचवीस पिनांची चावी

छापखान्याला मी व्हर्च्युअल मशीन करून द्यायला गेलो होतो. नवा संगणक आला होता, विंडोज ११, भरपूर रॅम. एक्सपी चढली, पेजमेकर चढला, फाँट चढले. लिपीचं सॉफ्टवेअर उघडलं तेव्हा त्याने डोंगल मागितला. डोंगल म्हणजे काडेपेटीएवढी करडी डबी, मागे पॅरलल पोर्टला लावायची, पंचवीस पिनांची. ती नसली की सॉफ्टवेअर मराठी लिहू देत नाही. नव्या संगणकाला पॅरलल पोर्टच नव्हता. यूएसबीवरून पॅरलल करणारी वायर आणली, तिच्यावर प्रिंटर चालतो पण डोंगल नाही. त्याला खरा पोर्ट त्याच्या ठरलेल्या पत्त्यावर लागतो. ज्यांनी ते सॉफ्टवेअर विकलं त्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची ॲक्सेसरी मिळते.

नव्या संगणकावर आता मालकांचा मुलगा जीएसटीचं काम बघतो. ताईंचा जुना संगणक होता तिथेच आहे, दोन ओळींसह. मेनूचे तीस सेकंद मी दहा केले होते, ताईंनी ते पुन्हा तीस करून घेतले, उदबत्ती पेटायला तेवढा वेळ लागतो म्हणाल्या. मालकांनी जुन्या बाजारातून त्याच मॉडेलचा आणखी एक संगणक पंधराशे रुपयांना उचलून आणला. तो कपाटावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला आहे. पिशवीवर मार्करने लिहिलं आहे: 'पॅरलल पोर्ट चालू. विकू नये.'